‘छुपी अक्षरं काढून टाका’ या सल्ल्यात नेमकं काय चुकतं?



संशोधनाच्या कामात हल्ली व्हिडिओ सर्रास येतो. मुलाखती मोबाइलवर चित्रित होतात, क्षेत्रकार्याची छोटी फिल्म करावी लागते, परिषदेत पाच मिनिटांची क्लिप दाखवायची असते. क्लिप मराठीत असली की सबटायटल्स हवीत, बोलणाऱ्याचं नाव-गाव खाली पट्टीत हवं. हा मजकूर कोणी एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये बसून टाइप करत नाही. तो वर्डमधून येतो, व्हॉट्सॲपवरून येतो, एखाद्या संकेतस्थळावरून उचललेला असतो. कॉपी, पेस्ट, संपलं.

खरं तर संपत नाही. पेस्ट केल्यावर नावाच्या मधोमध एक रिकामा चौकोन दिसतो. ओळ भलत्याच ठिकाणी तुटते. सबटायटलची फाइल इंपोर्टच होत नाही, किंवा होते पण पहिलं वाक्य गायब असतं. मजकूर तर डोळ्यांना अगदी बरोबर दिसतोय! मग कुणीतरी अनुभवी माणूस सांगतो, ‘अरे, कॉपी करताना छुपी अक्षरं आली असतील. नोटपॅडमध्ये टाकून परत घे, नाहीतर सगळी छुपी अक्षरं उडवणारं एखादं टूल वापर.’

आजचा लेख या सल्ल्यावर आहे. निदान बरोबर आहे, औषध मात्र अर्धंच आहे. आणि मराठीत काम करणाऱ्या संशोधकासाठी त्या औषधाचा दुष्परिणाम मूळ आजारापेक्षा वाईट होऊ शकतो. कसं ते पायरीपायरीने बघू.

आधी, ही छुपी अक्षरं असतात तरी काय?

संगणकासाठी मजकूर म्हणजे आकड्यांची माळ. ‘क’ला एक आकडा, काना हा वेगळा आकडा, पाय मोडायचं चिन्ह हा आणखी वेगळा. युनिकोडमध्ये असे काही आकडे आहेत ज्यांना स्वतःचं दृश्य रूप नाही. ते शेजारच्या अक्षरांना सूचना देतात: इथे ओळ तोडू नका, इथे तोडली तरी चालेल, इथून दिशा बदला, ही दोन अक्षरं जोडा. संकेतस्थळं, वर्ड, चॅट ॲप हे सगळे आपापल्या सोयीसाठी अशा सूचना मजकुरात पेरतात. तुम्ही मजकूर उचललात की सूचनाही सोबत येतात.

नेहमी भेटणारे पाहुणे असे:

नो-ब्रेक स्पेस (यू+००ए०). दिसायला साधी मोकळी जागा, पण तिच्यावर ओळ तुटत नाही. त्यामुळे सबटायटलची ओळ पडद्याबाहेर जाते किंवा आधीच्या भलत्या जागी तुटते. एसआरटी फाइलमध्ये हिचा त्रास आणखी सूक्ष्म असतो. तिथे दोन सबटायटल्सच्या मध्ये एक रिकामी ओळ लागते. त्या ओळीत नो-ब्रेक स्पेस असेल तर ओळ तुम्हाला रिकामी दिसते, सॉफ्टवेअरला दिसत नाही. मग दोन सबटायटल्स एकमेकांना चिकटतात आणि पुढच्याचा टाइमकोड पडद्यावर मजकूर म्हणून उमटू शकतो.

झीरो विड्थ स्पेस (यू+२००बी). रुंदी शून्य. ‘इथे ओळ तोडली तरी चालेल’ एवढंच सांगते. ज्या फॉन्टला ती ठाऊक नाही, तो तिच्या जागी चौकोन काढू शकतो.

बाइट ऑर्डर मार्क (यू+एफईएफएफ). फाइलच्या अगदी सुरुवातीला बसतो. एसआरटी फाइल ‘१’ या क्रमांकाने सुरू होते. वाचणाऱ्या प्रोग्रॅमला हे चिन्ह ओळखता आलं नाही, तर त्याच्या दृष्टीने पहिली ओळ निव्वळ आकडा राहत नाही. पहिलं सबटायटल गळण्याचं हे एक नेहमीचं कारण. दोन फाइली एकापुढे एक जोडल्या की दुसऱ्या फाइलचं हेच चिन्ह मधोमध अडकून राहतं.

व्हर्टिकल टॅब (यू+०००बी). पॉवरपॉइंटमध्ये शिफ्ट-एंटर मारून केलेली नवी ओळ बऱ्याचदा या रूपात बाहेर येते. एडिटिंग सॉफ्टवेअरं आपला प्रकल्प एकमेकांना देताना अनेकदा एक्सएमएल वापरतात. फायनल कट प्रोचं एफसीपीएक्सएमएल हे त्यातलंच. आणि एक्सएमएल १.० मध्ये व्हर्टिकल टॅब चालतच नाही, ते निषिद्ध अक्षर आहे. म्हणजे एका शीर्षकात लपलेल्या एका अक्षरामुळे अख्खी फाइल नाकारली जाऊ शकते.

दिशादर्शक चिन्हं. विंडोजमध्ये फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटीच्या टॅबवरून फाइलचा पत्ता कॉपी केला, तर सुरुवातीला यू+२०२ए हे अदृश्य चिन्ह येतं. तो पत्ता पायथॉनमध्ये किंवा एफएफएमपेगच्या कमांडमध्ये पेस्ट केलात की उत्तर येतं, ‘अशी फाइल नाही’. फाइल डोळ्यांसमोर असते, पत्ताही बरोबर दिसतो. व्हॉट्सॲपच्या एक्सपोर्ट केलेल्या गप्पांतही यांचे भाऊबंद सापडतात.

याशिवाय वर्डची एक खोडी आहे, ती छुपी नसली तरी त्याच घरातली. एसआरटीमध्ये सुरुवातीची आणि शेवटची वेळ यांच्यामध्ये दोन डॅश आणि एक ‘पेक्षा मोठं’ चिन्ह लागतं: --> असं. वर्डचं ऑटोकरेक्ट त्याचा एक सुबक बाण करून टाकतं. बाण छान दिसतो, फाइल बिघडते.

सल्ल्याची पहिली चूक: ‘प्लेन टेक्स्ट’ म्हणजे स्वच्छ मजकूर नव्हे

‘नोटपॅडमध्ये टाकून परत घे’ हा सल्ला इतक्या विश्वासाने दिला जातो की तो तपासावासा कुणाला वाटत नाही. नोटपॅड काय काढतं? रंग, फॉन्ट, आकार. म्हणजे मजकुरावरचे कपडे. वरच्या यादीतली चिन्हं कपडे नाहीत, ती मजकुराच्या माळेतलेच मणी आहेत. झीरो विड्थ स्पेस ही युनिकोडच्या लेखी ‘क’इतकीच खरी आहे. नोटपॅड ती जशीच्या तशी ठेवतं. ‘पेस्ट ॲज प्लेन टेक्स्ट’चंही तेच.

मग कधी कधी नोटपॅडने काम कसं होतं? कारण त्या वेळी त्रास मुळात फॉरमॅटिंगचा असतो, छुप्या अक्षरांचा नसतो. दोन वेगळे आजार, लक्षणं सारखी, म्हणून एकाच गोळीला श्रेय मिळतं. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. ‘असं केलं आणि बरं झालं’ म्हणजे कारण सापडलं असं नाही.

पायथॉन वापरणाऱ्यांसाठीही असाच एक चकवा आहे. ओळीच्या दोन्ही टोकांची मोकळी जागा काढायला आपण स्ट्रिप हे फंक्शन वापरतो. ते नो-ब्रेक स्पेस काढतं, कारण युनिकोडमध्ये तिची नोंद मोकळी जागा म्हणून आहे. झीरो विड्थ स्पेस मात्र ते काढत नाही. नावात ‘स्पेस’ असलं तरी ती मोकळ्या जागेच्या वर्गात मोडत नाही. म्हणजे ‘मी स्ट्रिप केलं होतं’ हे उत्तरही पुरेसं नाही.

दुसरी चूक, आणि ही मोठी: ‘सगळी’ काढून टाका

आता औषधाचा दुसरा डोस बघू, म्हणजे सगळी छुपी अक्षरं सरसकट उडवणारी टूल्स आणि कोडचे तुकडे. इंग्रजीपुरतं बघितलं तर यात फारसं काही बिघडत नाही, कारण इंग्रजी शब्द लिहायला अदृश्य अक्षर लागत नाही. मराठीला लागतं.

हे दोन शब्द मोठ्याने वाचा: ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. पहिला समुद्र, दुसऱ्या डोंगरांमधल्या. फरक कुठे आहे? पहिल्यात ‘य’च्या डोक्यावर रफार आहे, दुसऱ्यात ‘य’च्या आधी तो चंद्रकोरीसारखा अर्धा र आहे. हा अर्धा र मराठीची खास खूण. वऱ्हाड, कऱ्हाड, तऱ्हा, खऱ्या, वाऱ्यावर, पुऱ्या, सगळीकडे तो आहे.

संगणकावर हा र लिहायच्या दोन रीती आहेत, आणि युनिकोडला दोन्ही मान्य आहेत. एक रीत: नुक्तावाला ऱ घ्यायचा, त्याचा पाय मोडायचा, पुढे य. ही रीत इस्की या जुन्या भारतीय मानकाशी जुळणारी. दुसरी रीत: साधा र घ्यायचा, पाय मोडायचा, मग झीरो विड्थ जॉइनर (यू+२००डी) हे अदृश्य चिन्ह टाकायचं, पुढे य. ही रीत युनिकोडच्या २.० या आवृत्तीशी सुसंगतता राहावी म्हणून ठेवलेली आहे. त्या अदृश्य चिन्हाला आपण पुढे ‘जोडक’ म्हणू. कोणता कीबोर्ड वापरला त्यावर कोणती रीत पडेल ते ठरतं. टाइप करणाऱ्याला बहुधा पत्ताही नसतो. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्हींचं रूप एकसारखं दिसतं.

आता दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या ‘दऱ्या’वर सगळी छुपी अक्षरं उडवणारं टूल चालवा. जोडक गेला. मागे काय राहिलं? र, मोडका पाय, य. म्हणजे ‘दर्या’. डोंगरात समुद्र आला.

इथे हसू येतं, पण जरा पुढे चला. समजा, लग्नाच्या कार्यालयांत स्वयंपाक करणाऱ्या कामगारांवर तुमचा अभ्यास आहे. मुलाखतीत एक बाई म्हणतात, ‘आचाऱ्यांना पैसे वेळेवर मिळत नाहीत.’ सबटायटल वर्डमध्ये लिहिलं गेलं, जोडकाच्या रीतीने. पेस्ट करताना चौकोन दिसला म्हणून कुणीतरी ‘स्वच्छता’ केली. पडद्यावर आलं, ‘आचार्यांना पैसे वेळेवर मिळत नाहीत.’ स्वयंपाक्यांची तक्रार गुरुजींच्या तोंडी गेली.

शुद्धलेखन तपासनीस हे पकडणार नाही, कारण ‘आचार्यांना’ हा शब्दही अचूक आहे. व्याकरण बिघडलेलं नाही. वाक्य अर्थपूर्ण आहे. तुम्ही स्वतः मुलाखत घेतली असेल तर कदाचित खटकेल. पण दोन वर्षांनी तीच सबटायटल फाइल दुसऱ्या कुणी विश्लेषणासाठी घेतली, तर त्या वाक्यापुढे तो ‘शिक्षण’ असा कोड लावेल, आणि त्याच्या बाजूने विचार केला तर त्यात त्याची काही चूक नसेल.

त्या बाईंनी जे सांगितलं ते तुमच्या हातातून बदललं. संशोधनात यापेक्षा गंभीर गोष्ट थोडकीच असते.

ओरडणारी चूक आणि गप्प बसणारी चूक

म्हणून माझा मुख्य आक्षेप असा आहे. चौकोन दिसणं, फाइल न उघडणं, सॉफ्टवेअर अडणं या ओरडणाऱ्या चुका आहेत. त्रासदायक खऱ्या, पण प्रामाणिक. त्या सांगतात की इथे काहीतरी बिघडलंय, बघ. सरसकट सफाई या ओरडणाऱ्या चुकीच्या जागी गप्प बसणारी चूक आणून ठेवते. पडदा स्वच्छ दिसतो, मजकूर खोटा असतो. आणि ही अदलाबदल आपण ‘सफाई’ या निरागस नावाखाली करतो.

सफाई हा शब्दच फसवा आहे. कचरा कोणता आणि ऐवज कोणता हे ठरवल्याशिवाय सफाई होत नाही, आणि ते ठरवणं म्हणजे संपादन. तुमच्या मजकुरातलं कोणतं चिन्ह निरर्थक आहे हे ठरवायचा अधिकार तुम्ही अशा टूलला देताय, ज्याच्या कर्त्याच्या मनात मराठी कदाचित नव्हतीच.

हे फक्त छुप्या अक्षरांपुरतं नाही. पायथॉनच्या नेहमीच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये ‘शब्दातलं अक्षर’ यासाठी बॅकस्लॅश डब्ल्यू हे चिन्ह आहे. त्याने ‘मराठी’ या शब्दाचे तुकडे केले तर हाती येतात ‘मर’ आणि ‘ठ’. काना आणि वेलांटी त्याच्या लेखी शब्दाचा भागच नाहीत. मजकूर साफ करायचे जे तयार कोड आपण इकडून तिकडून उचलतो, त्यांतल्या कितींत हे चिन्ह असतं ते एकदा उघडून बघा.

सॉफ्टवेअरलाही दोष द्यायला हवा, पण नेमका

एडिटिंग सॉफ्टवेअर मराठीशी वैर धरून आहे असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. एका शीर्षकाच्या मागे बरेच थर असतात. मजकूर घेणारी चौकट, अक्षरांची जुळणी करणारा भाग, फॉन्ट, आणि शेवटी फाइल बाहेर काढणारा भाग. जोडकाचा अर्थ जुळणी करणाऱ्या भागाला कळायला हवा, फॉन्टलाही त्याची तयारी हवी. एखादा थर कच्चा असला की अर्ध्या र ऐवजी रफार दिसतो, किंवा पाय मोडलेला र सुटा पडतो, किंवा ठिपक्यांचं वर्तुळ येतं. यातला कोणता थर चुकला हे वापरणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. खरी तक्रार इथे आहे.

वर्डमध्ये कंट्रोल-शिफ्ट-८ दाबलं की परिच्छेदाची चिन्हं, टॅब, नो-ब्रेक स्पेस दिसायला लागतात. व्हीएस कोडसारखे कोड लिहायचे एडिटर अदृश्य अक्षरांभोवती चौकट काढून दाखवतात. व्हिडिओ एडिटिंगच्या शीर्षकाच्या चौकटीत अशी सोय सहसा नसते. तिथे मजकूर म्हणजे चित्र, इतकाच विचार केलेला असतो. लग्नाच्या व्हिडिओला तो पुरतो. पण सबटायटल हे चित्र नाही, ते विधान आहे, आणि विधान तपासता आलं पाहिजे.

डोळ्यांवर विश्वास ठेवला तर मोजणीही फसते

तुमच्यापैकी अनेक जण सबटायटल्स पुढे विश्लेषणासाठीच वापरणार. शब्द किती वेळा आला, कुणी वापरला, वगैरे. तिथे याच प्रश्नाचं दुसरं तोंड दिसतं.

‘दऱ्या’ पहिल्या रीतीने लिहिला तर युनिकोडची पाच चिन्हं होतात. जोडकाच्या रीतीने सहा. ‘दर्या’ची पाच. म्हणजे एकच शब्द दोन लांब्यांचा, आणि दोन वेगळे शब्द एकाच लांबीचे! एका रीतीने लिहिलेला शब्द शोधलात तर दुसऱ्या रीतीचा बहुधा सापडणार नाही. अर्ध्या मुलाखती एकाने टाइप केल्या, अर्ध्या दुसऱ्याने, तर तुमची वारंवारता दोन ढिगांत वाटली जाईल, आणि दोन्ही ढीग पडद्यावर अगदी सारखे दिसतील.

‘ॲ’चं तर त्रांगडंच आहे. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली, ५.१ या आवृत्तीत मिळाली. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवत, आणि ते नीट दिसावं म्हणून मध्ये जोडकही घालत. आजही तिन्ही रूपं वापरात आहेत. ‘ॲप’ हा शब्द तीन प्रकारे साठवलेला असू शकतो.

‘मग युनिकोड नॉर्मलायझेशन करू’ असं तुमच्यातला हुशार विद्यार्थी म्हणेल. करा, पण त्याच्याकडून जास्त अपेक्षा ठेवू नका. एनएफसी असो वा एनएफकेसी, दोन्ही जोडकाला हात लावत नाहीत, अर्ध्या र च्या दोन रीती एक करत नाहीत, आणि ‘ॲ’ची तीन रूपंही एक करत नाहीत. एनएफकेसी नो-ब्रेक स्पेसची साधी स्पेस करतं, ते उपयोगी आहे. झीरो विड्थ स्पेस मात्र तशीच राहते.

मग करायचं काय?

टीका केली की पर्यायही द्यायला हवा. माझ्या मते कसोटी ‘दिसतं की नाही’ ही नको. ‘हे चिन्ह या जागी काही काम करतंय का’ ही हवी.

ही कल्पना नवी नाही. देवनागरीसारख्या लिप्यांत संकेतस्थळांचे पत्ते लिहायचे नियम ठरले, तेव्हा हाच पेच आला होता. अदृश्य अक्षरं चालू दिली तर फसवणुकीला वाव, बंद केली तर भाषांवर अन्याय. २०१०च्या आरएफसी ५८९२ या दस्तऐवजात जोडकासाठी नियम आला तो असा: आधी पाय मोडायचं चिन्ह असेल तरच जोडक चालेल, एरवी नाही. चिन्ह तेच, जागा बघून निर्णय. आपल्यालाही हेच पुरतं.

कामाचा क्रम असा ठेवा.

१. मूळ फाइल बाजूला ठेवा. तिला हात लावायचा नाही. जे काही करायचं ते प्रतीवर.

२. आधी मोजा. कोणतं अदृश्य चिन्ह किती वेळा आलंय आणि कोणत्या अक्षरामागे, याची यादी काढा. पायथॉनच्या युनिकोडडेटा या मॉड्यूलने बहुतेक चिन्हांचं नाव मिळतं, दहा-बारा ओळींचं काम आहे. कोड येत नसेल तर व्हीएस कोडमध्ये फाइल उघडून नजर फिरवा.

३. मग ऐवज सुरक्षित जागी हलवा. जिथे र, मोडका पाय, जोडक असा क्रम आहे आणि पुढे य किंवा ह आहे, तिथे नुक्तावाला ऱ आणि मोडका पाय असं करा. ‘ॲ’ची जुनी रूपं नव्या अक्षरात बदला. यानंतर अर्थ अदृश्य चिन्हावर टांगलेला राहत नाही, तो दिसणाऱ्या अक्षरात येतो. पुढे कुणी सरसकट सफाई केली तरी आचाऱ्यांचे आचार्य होणार नाहीत. माझ्या दृष्टीने संपूर्ण लेखातली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच.

४. त्यानंतर उरलेल्यांचा जागेनुसार निकाल लावा. मोडक्या पायानंतरचा जोडक राहू द्या. त्याचा भाऊ झीरो विड्थ नॉन-जॉइनर (यू+२००सी) हाही मोडक्या पायानंतर असेल तर राहू द्या. ‘वाङ्मय’, ‘षट्कोन’, ‘उद्घाटन’ अशा शब्दांत पाय मोडलेला स्पष्ट दिसावा म्हणून तो घालतात. तो गेला तर अर्थ बदलत नाही, फक्त जोडाक्षराचं रूप बदलतं, म्हणून इथे नुकसान कमी. नो-ब्रेक स्पेसची साधी स्पेस करा. व्हर्टिकल टॅबची नवी ओळ करा. झीरो विड्थ स्पेस आणि दिशादर्शक चिन्हं केवळ मराठी-इंग्रजी मजकुरात काढायला हरकत नाही. उर्दू मजकूर सोबत असेल तर थांबा, तिथे दिशेला काम आहे. इमोजी असतील तरही जपून, कुटुंबाचं इमोजी आतून जोडकानेच बांधलेलं असतं.

५. परत मोजा, आणि बदललेले सगळे शब्द एका तक्त्यात मूळ रूपाशेजारी ठेवून वाचा. यादी फार लांब नसते. वाचताना पुढच्या-मागच्या शब्दांसकट वाचा.

६. शेवटी पडद्यावर बघा. फाइल बरोबर असूनही तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा फॉन्टमध्ये अर्धा र नीट न दिसण्याची शक्यता आहे. ‘वऱ्हाडातल्या दऱ्या’ असं एक चाचणीचं सबटायटल करून ठेवा. ते नीट दिसलं तर पुढे जा. नाही दिसलं तर फॉन्ट बदला. मजकूर बदलू नका. फॉन्टची उणीव झाकायला शब्द बिघडवायचा नाही.

‘एवढ्याशा गोष्टीसाठी एवढं?’

हा प्रश्न रास्त आहे. भावाच्या साखरपुड्याचा व्हिडिओ करताना यातलं काहीही करू नका. पण संशोधनात सबटायटल फाइल एकदा तयार झाली की ती सबटायटल राहत नाही. ती लिखित नोंद होते, तिच्यातून उद्धरणं निघतात, ती संग्रहात जाते, पुढचा विद्यार्थी ती उघडतो. व्हिडिओ बघायला त्याला वेळ नसतो, तो मजकूर वाचतो. म्हणजे मूळ आवाज आणि वाचणारा यांच्यामध्ये तुमची फाइल हा एकच दुवा असतो.

आणि तुमच्या प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात ‘मजकूर स्वच्छ करून घेतला’ असं वाक्य येणार असेल, तर तिथे थांबा. हे वाक्य मला आता जवळजवळ संशयास्पद वाटतं, कारण त्यातून काही तपासता येत नाही. त्याऐवजी लिहा: मूळ मजकूर कोणत्या कीबोर्डने आणि कशात टाइप झाला, कोणती अदृश्य चिन्हं काढली, कोणती ठेवली, अर्धा र आणि ‘ॲ’ कोणत्या एका रूपात आणले, आणि बदललेले शब्द माणसाने वाचले की नाही. चार ओळी होतात. मार्गदर्शक विचारतील, ‘हे कशाला?’ तेव्हा त्यांना ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ हे दोन शब्द कागदावर लिहून दाखवा.

संशोधनाची तयारी करताना आपण नमुना निवड, प्रश्नावली, सांख्यिकी यांवर महिने घालवतो. कॉपी-पेस्ट ही पद्धत आहे असं आपल्याला वाटतच नाही. पण माहिती एका जागेहून दुसरीकडे नेणारी प्रत्येक कृती ही पद्धतच असते, मग ती दोन बटणांची का असेना. पुढच्या वेळी पडद्यावर चौकोन दिसला तर लगेच तो घालवायच्या मागे लागू नका. आधी त्याचं नाव काढा, तो कोणत्या अक्षरामागे उभा आहे ते बघा, आणि मगच त्याला बाहेरची वाट दाखवायची की आत घ्यायचं ते ठरवा.